डावीकडचा श्वास

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर मी तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवतोय आणि आजवर कोणाचा चहासुद्धा घेतलेला नाही. त्यामुळे मलाच कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जसं वागलो त्याचं तुम्हाला नवल वाटायला नको.

पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी पंपावर असतो. ड्यूटी दहाची, म्हणून सकाळी आठपर्यंत तापी माझी. माझी पद्धत सरळ आहे. पोरानं पायऱ्यांच्या कडेकडेनं प्रवाहाच्या उलट पोहत जायचं आणि मी वरच्या पायरीवरून त्याच्या बरोबरीनं चालायचं. उलट दिशेनं निघालं की घाट डाव्या हाताला येतो, म्हणून श्वास डावीकडेच घ्यायचा आणि घेताना माझ्याकडे बघायचं. दर श्वासाला एकदा. ज्यानं बघितलं नाही त्याला मी बाहेर काढून दोन दिवस पायरीवर बसवतो, मग तो वकिलाचा मुलगा असो की माझा स्वतःचा भाचा. परतताना कोणी पोहत नाही. पाठीवर पडून राहायचं, नदी आणून सोडते. आमच्या सिंधीपुऱ्यातली निम्मी पोरं अशीच तयार झाली आणि त्यातलं एकही बुडालेलं नाही.

निशा, माझी मुलगी, पाचव्या वर्षी पाण्यात उतरली. पंधराव्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली आणि तिनं इंदूरच्या क्रीडा वसतिगृहाचं मनात घेतलं. तिथे राहणं, खाणं, शाळा, रोज दोन वेळा पोहणं, सगळं मिळतं. निवड एकाच चाचणीवर होते: दोनशे मीटर फ्रीस्टाइल, दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे जे काय ते यंदाच. निशाला तेव्हा लागत होते दोन छप्पन्न.

म्हणून तिला पालिकेच्या तलावावर घातली. तिथे जळगावहून नवीन प्रशिक्षक आल्या होत्या, प्राजक्ता मॅडम, वय असेल सत्तावीस. पहिल्या दिवशी त्यांनी निशाला चार लांब्या पोहायला लावल्या आणि विचारलं, हिला कोणी शिकवलं. मी छाती काढून सांगितलं, मी. त्या नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या. ते ‘बरं’ मला आठवडाभर पचलं नाही.

मी रोज तलावाच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर बसायचो. दहा-बारा दिवस मॅडमनी प्रत्येक लांबीची वेळ वहीत टिपली आणि एका सकाळी ती वही माझ्यासमोर धरली. जाताना बेचाळीस सेकंद, येताना सेहेचाळीस. पुन्हा जाताना बेचाळीस, येताना सेहेचाळीस. मी म्हणालो, येताना दमत असेल. तिसऱ्या लांबीला मग दम कुठे जातो, असं त्यांनी विचारलं. मला त्या प्रश्नाचाच जास्त राग आला.

“काका, जाताना तुम्ही तिच्या डावीकडे असता आणि येताना उजवीकडे,” मॅडम म्हणाल्या. “उजवीकडून श्वास घ्यायला तिला कोणी शिकवलंच नाही. पण तुम्हाला बघितल्याशिवाय तिला राहवत नाही, म्हणून ती मान वर काढून वळते. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाय लोंबकळतात. निम्मी ताकद स्वतःचेच पाय ओढण्यात जाते हो.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्यांना ऐकवलं की तापीत ओंडका वाहत येतो, मेलेलं जनावर येतं, खाली डोकं घालून पोहणाऱ्याला ते दिसणार कसं. त्या शांतपणे म्हणाल्या की नदीसाठी माझं बरोबर आहे, पण चाचणी तलावात आहे आणि तलावात ओंडका येत नाही. मग थोडं घुटमळून त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. मी उद्यापासून येऊ नये.

घरी येऊन मी तणतणलो. शोभानं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चला, तीस सालात तुम्हाला बी कोणी पायरीवर बसवलं म्हणायचं.” माझी बायको अशी आहे. निशा मात्र हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत जेवत होती.

मी जायचं थांबवलं. म्हणजे ओट्यावर बसायचं थांबवलं. तलावाच्या मागच्या बाजूला लोखंडी जाळी आहे, तिथे स्कूटर लावून दहा मिनिटं उभं राहायला कोणाची बंदी नव्हती. तिथून मी माझ्या मुलीचं पोहणं मोडताना बघितलं. आधी तर ती पार बिघडली. मॅडमनी तिला तिसऱ्या हाताला श्वास घ्यायला लावला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. उजवीकडे वळली की तिच्या तोंडात पाणी जायचं, खोकायची, उभी राहायची. एक हात पुढे लांब करून कुशीवर पडायचं आणि नुसते पाय मारत जायचं, हे तर तिनं दोन आठवडे केलं. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवायची, एक डोळा पाण्यातच राहील इतपतच तोंड फिरवायचं, कोपर उंच ठेवून पाणी मागे ढकलायचं. वेळ तीन मिनिटांवर गेली आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. बापाला असं वाटू नये, पण वाटलं.

मग एके दिवशी तिचं सगळं जुळलं. पन्नास मीटरला तिला अठ्ठावन्न हात लागायचे, ते सेहेचाळीसवर आले. पाण्याचा आवाज कमी झाला. कंबर वर, पाय वर, आणि ती घाई न करता पुढे जात होती. पोहणं मला कळतं. इतकं सुंदर पोहणं मी राजघाटावर कोणाला शिकवलेलं नव्हतं, हे जाळीला धरून उभं असताना मला मान्य करावं लागलं.

त्याच दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी पुरुषांच्या वेळेत तिकीट काढून तलावात उतरलो. बघू तरी यात काय आहे, म्हणून डोकं खाली घातलं आणि तळाकडे बघत हात मारायला लागलो. पाच हात झाले, सात झाले. कानात फक्त माझेच बुडबुडे. काठावर कोण आहे, कोण नाही, काही कळेना. दहाव्या हाताला छाती आवळली आणि मी दोरी पकडून उभा राहिलो. शेजारचा एक शाळकरी पोरगा विचारत होता, अंकल, क्रॅम्प आला का. तीस वर्षांचा मास्तर, आणि मला बारा मीटर जाता आलं नव्हतं.

क्रॅम्प नव्हता, सागर होता. माझा धाकटा भाऊ. मी वीस वर्षांचा होतो, तो सतरा. कार्तिकातलं शांत पाणी, पूर नाही, भोवरा नाही. तो पोहत होता आणि मी पायरीवर होतो. कोणीतरी मागून हाक मारली म्हणून मी वळलो, दोन वाक्यं बोललो असेन. परत बघितलं तेव्हा पाणी जसंच्या तसं होतं आणि त्यात सागर नव्हता. तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडला. काय झालं, कोणालाच कळलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी मी शिकवायला लागलो, आणि माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा असं ओरडत राहिलो. पोरांना वाटायचं हा पोहण्याचा नियम आहे. मलाही तसंच वाटायचं. तलावातून बाहेर येऊन कपडे घालताना मला कळलं की नियम बियम काही नव्हता. मला त्यांची तोंडं दिसायला हवी होती. माझी भीती मी पोरांच्या मानेत घालून ठेवली होती, आणि सगळ्यात जास्त माझ्या मुलीच्या.

हे मी कोणाला सांगितलं नाही. शोभालाही नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी निशानं तलावावर दोन एकोणचाळीस काढले. मॅडम खूश होत्या, पण त्यांनी मला बाजूला घेऊन शब्द घेतला की इंदूरला मी आत येणार नाही. मी दिला. खरं सांगतो, पाळायच्या इराद्यानंच दिला.

इंदूरचा तलाव बंदिस्त, वर पत्र्याचं छत. मी फाटकाबाहेर झाडाखाली इतर पालकांबरोबर बसलो होतो. सकाळभर वेगवेगळ्या गटांच्या शिट्ट्या ऐकल्या. निशाचा गट आला, लाउडस्पीकरवर तिचं नाव ऐकू आलं, बुऱ्हाणपूर असंही ऐकलं. शिट्टी झाली. मी घड्याळात बघत राहिलो. पन्नास सेकंद झाले, साठ झाले. आत माझी पोर पाण्यात होती आणि तिच्याकडे बघणारं माझं कोणी नव्हतं. मॅडम होत्या, पंच होते, पंचवीस-तीस माणसं होती, पण तेव्हा ते मला सुचलं नाही. मी उठलो आणि दारातून आत गेलो.

ती दुसरी लांबी संपवत होती, गटात दुसरी होती. भिंतीला हात लागला, वळली, पायानं भिंत ढकलली आणि पाण्याखाली गेली. हेही मॅडमचंच शिकवणं: ढकलल्यावर लगेच वर यायचं नाही, हात लांब करून खालून सरकत जायचं, तिथे वेळ वाचतो. जाळीपाशी उभं राहून हे मी शंभरदा बघितलेलं होतं. पण छताच्या खिडक्यांमधून ऊन पाण्यावर पडलं होतं आणि मला खालचं काही दिसत नव्हतं. पाणी जसंच्या तसं होतं. एक सेकंद झाला, दोन झाले.

“निशाऽ!”

पंपाच्या मोटारींच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की पत्र्याखाली तो सगळीकडे भरला. पंच वळले. मॅडमनी डोळे मिटले. त्याच क्षणी निशा वर आली, आणि तिनं मान पाण्याबाहेर काढली. पूर्ण मान, हनुवटीसकट. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मी दिसलो. तिची कंबर खाली गेली, पाय लोंबकळले, दोन हात वाया गेले. मग तिनं तोंड खाली घातलं आणि उरलेली सगळी लांबी जीव तोडून पोहली. शेवटची लांबी तर तिच्याइतकी चांगली त्या गटात कोणी पोहलं नाही.

दोन मिनिटं चाळीस पूर्णांक सहा.

पंच वाईट नव्हते. मॅडमनी विनंती केली, मीही हात जोडले, चूक माझी आहे, पुन्हा एकदा घ्या म्हणालो. त्यांनी सांगितलं की ओरडणाऱ्या पालकांसाठी चाचणी परत घ्यायची ठरवली तर वर्षभर तेच करावं लागेल. मॅडमनी वहीत वेळ टिपली आणि वही बंद केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निशा कपडे बदलून बाहेर आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली. केसांतून पाणी गळत होतं, तिनं पुसलं नाही. मी तिच्याकडे न बघता म्हणालो की बेटा, मी तुझं वाटोळं केलं. मला माफ कर असंही म्हणालो. सागरबद्दल सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर तिनं मला थांबवलं.

“काकाचं माहिती आहे मला. मम्मीनं कधीचं सांगितलं,” ती म्हणाली. “पप्पा, तुमचा आवाज आला ना, तर मला वाटलं तुम्हालाच कुछ हो गया.”

मी म्हणालो, मला काय होणार होतं.

“तसं नाही. घाटावर पण मी त्याच्यासाठीच बघायची. बाकीची पोरं तुम्ही ओरडता म्हणून बघायची, मी नाही. आम्ही पाण्यात उतरलो की तुमचा चेहरा कसा होतो, तुम्हाला कुठे दिसतो. मी छोटी होती तेव्हापासून बघते. दर श्वासाला एकदा बघून घ्यायची, पप्पा ठीक आहेत ना. ठीक दिसले की मग पुढचा हात.” तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. “मॅडमकडे तीच आदत सोडायला सगळ्यात ज्यादा टाइम लागला.”

दहा वर्षं. रोज सकाळी, पाचव्या वर्षापासून एका पोरीनं, थंड पाण्यात, दमलेली असताना, दर श्वासाला मान उचलून मला सांभाळलं होतं. आणि मी वर पायरीवरून चालत समजत होतो की तिला मी सांभाळतोय. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, आजूबाजूचे पालक बघत होते तरी.

बसला अजून दीड तास होता. मॅडम चहा घेऊन आल्या, तिघांनी घेतला. मी डोळे पुसले आणि निशाला सांगितलं की मी ठीक आहे, एकदम ठीक आहे, आता माझ्याकडे बघायची गरज नाही. तिनं मान हलवली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.