शंभर यंत्रांना दिलेला पत्ता

धरणाचे दरवाजे एक वाजता उघडायचे होते. पाणी कुठवर चढेल याचा हिशेब शंभर संगणकांत वाटून दिला होता. बारा वाजत आले तरी एकाचंही उत्तर नव्हतं. पडद्यावर प्रत्येक कामापुढे फक्त ‘स्वीकारले’.

गणनकेंद्र सांभाळणारी पुन्हा पुन्हा पडदा बघत होती. तिची ताई नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहायची, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. सकाळी तिने निघायला सांगितलं तेव्हा ताई हसली होती. म्हातारीला चार माणसांनी खुर्चीसकट उचलायचं, तर आधी तुझ्या यंत्रांचा आकडा तरी येऊ दे, म्हणाली होती.

तिने केबल तपासल्या. सगळे संगणक चालू होते. एकाचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, उघडला. हिशेब झाला होता, उत्तरही रवाना झालं होतं. कुठे, ते तिने वाचलं. १२७.०.०.१. कुठल्याही संगणकाचा हा स्वतःसाठीचा पत्ता. शंभरही जणांनी उत्तर आपलं आपल्यालाच पाठवलं होतं. घेणारं कोणी नाही म्हणून ते पुसलं गेलं होतं.

मागच्या आठवड्यात कामं वाटणारं मुख्य यंत्र सुरू होताना स्वतःचं नाव सापडत नाही म्हणून कुरकुर करायचं. तिने त्या नावापुढे हाच पत्ता लिहून त्याचं तोंड बंद केलं होतं. उत्तर पाठवायला त्याने शंभर यंत्रांना तोच पत्ता दिला होता.

पत्त्याची ती ओळ बदलून तिने कामं पुन्हा पाठवली. बारा वीस. हिशेबाला एक तास. तिने धरणाच्या इंजिनिअरला फोन लावला. त्यांनी विचारलं, गेल्या वर्षीचा आकडा धरू का? त्या आकड्यात खालची वस्ती कोरडी होती, पण तेव्हा पाणी निम्मंच सोडलं होतं.

“नका धरू,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. आकडा एक वीसला येईल.”

“धरण तुमच्या सवडीने भरत नाही, मॅडम. दरवाजे एकलाच उघडणार. भोंगा वाजवतो. सगळी वस्ती उठू दे.”

तिने ताईला फोन केला.

“चार माणसं बोलाव.”

“आकडा आला?”

“नाही. मला भीती वाटतेय, ताई.”

या वेळी ताई हसली नाही.

एक वीसला आकडा आला. खालची वस्ती, सात फूट पाणी. दरवाजे उघडून वीस मिनिटं झाली होती. ताईचा फोन नुसता वाजत होता. पाचव्यांदा उचलला गेला. धापा ऐकू आल्या, खुर्ची आपटल्याचा आवाज.

“टेकडीवर आहोत,” ताई म्हणाली. “म्हातारी विचारतेय, आता खाली कधी जायचं.”