गाँग पायाशी नको

बापाकनी, म्हणजे वडिलांनी, पालुपीला "आपण" म्हटलं, तेव्हाच तिनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"आपण जेवून घ्यावं. आमची वाट पाहू नये," म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले.

इमोगिरीच्या त्या टेकडीखालच्या गावात बाप लेकीवर ओरडला तर समजावं, राग पाण्याच्या घोटाबरोबर उतरेल. पण बाप लेकीशी परक्या पाहुणीसारखं अदबीनं बोलू लागला, की प्रकरण गंभीर. एरवी हे वागियो बापाक तिला "न्दुक" म्हणायचे, आपल्याकडचं "बाळा"च ते. बत्तीस वर्षांची घोडी झाली तरी न्दुक. कालपासून ते नावच गायब होतं.

काल पालुपीनं तिचं बातिक उकळत्या पाण्यातून काढलं होतं. मेण सुटलं आणि चार महिन्यांची मेहनत तिच्या आणि बापाकच्या समोर आली. तपकिरी कापडाच्या एका काठाला, मधोमध, मोठा गोल गाँग, मधे त्याचा उंचवटा, भोवती नाद पसरावा तशा बारीक रेघांची वलयं. गावच्या वाद्यवृंदातला तो काशाचा गाँग, क्याई अंतेप; जुन्या पूज्य वस्तूला तिथं मानानं 'क्याई' म्हणतात. तीस वर्षं तो बापाकनीच वाजवला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरू लागला, ठोका चुकला, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते स्वतःच उठून बाजूला झाले. त्यानंतर सभामंडपात फक्त गुरुवारी जायचे, गाँगपुढं फुलं ठेवायला. पालुपीला त्यांचा गाँग त्यांना परत द्यायचा होता. रविवारी बांतुलच्या प्रदर्शनात तिचं हे कापड नेसून मुली चालणार होत्या आणि पहिल्या रांगेत बापाक बसणार होते. तिच्यासाठी सगळं प्रदर्शन त्या एका खुर्चीत होतं.

आणि शहाणीनं गाँग काढला होता कुठं? लुंगीच्या खालच्या काठाला! चालताना उठून दिसेल म्हणून.

"अगं बये," रंगाच्या टाकीपाशी बु साकिनेम कपाळावर हात मारत म्हणाली. ही शेजारीण, पालुपीचं कापड रंगवणारी. "सहा वर्षांची होतीस. घासायला चटईवर ठेवलेल्या क्याईवरून उडी मारलीस म्हणून दिवसभर कोपऱ्यात बसवलं होतं तुला. विसरलीस? आता अख्ख्या जिल्ह्याला त्याच्यावर पाय टाकायला लावतेस!"

"पण तू तर हे रंगवलंस! तेव्हा तोंडाला काय मेण लागलं होतं?"

"मला वाटलं, तो पंखा आहे."

पालुपीला हसू आलं आणि हसता हसता रडूही. कागदावर काढताना तिला फक्त आकार दिसला होता. आकार सुंदर होता, यात वाद नाही. पण ज्याच्यापुढून माणसं वाकून जातात, तो तिनं घोट्यापाशी नेऊन ठेवला होता.

"तेवढा भाग कापून टाकू?" तिनं विचारलं.

"क्याईला कात्री लावतेस? त्यापेक्षा माझी मान काप."

संध्याकाळी पालुपीनं प्रदर्शनवाल्यांना कळवलं, माझं कापड येणार नाही. मग ते घेऊन ती सभामंडपात गेली. गुरुवार होता, गाँगपुढच्या ताटलीत ताजी फुलं होती. माफी मागायची म्हणजे जमिनीवर बसून हात जोडायचे. पण कापड ठेवणार कुठं? जमिनीवर नाही, मांडीवरही नाही. शेवटी तिनं ते खांद्यावरून पाठीवर टाकलं आणि टोकं हातात धरून डोकं टेकवलं.

"चुकले, क्याई," ती पुटपुटली. "बापाकसाठी करायला गेले आणि त्यांनाच दुखावलं."

मागं कुणीतरी खाकरलं. बापाक खांबाला टेकून बसले होते, कधीपासून कोण जाणे.

"सरळ बसा," ते म्हणाले.

ती ताठ बसली. ते उठले, तिच्या मागं आले, कापड थोडं वर ओढलं, थोडं डावीकडे सरकवलं.

"गाँगची जागा ठाऊक आहे का?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांच्या मागं. पुढचे नाचोत, गावोत, धावोत, हा मागून सगळ्यांना सांभाळतो." जरा थांबून म्हणाले, "गोल वस्तूला उलटंसुलटं नसतं. असंच पांघरून चाला म्हणावं पोरींना."

"मी तर 'कापड येणार नाही' असं कळवून बसले, बापाक."

"मग पुन्हा कळवा. तोंड आहे ना?"

मग त्यांनी मूठ वळली. पाठीवरच्या त्या काढलेल्या उंचवट्यावर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, त्यांनी ती हळूच टेकवली आणि घशातून खोल सूर काढला, "गुंऽऽऽम्." मुठीची थरथर तिला पाठीतून छातीपर्यंत जाणवली. ठोका मात्र जागच्या जागी पडला होता.

पालुपी हलली नाही. त्यांनी आणखी एकदा ठोका दिला, मग सूर विरेपर्यंत वाट पाहिली.

"चल न्दुक," ते म्हणाले. "भात गार होतोय."