दत्तारामचा डावा डोळा

माणसाच्या डोळ्यांतलं पाणी खोटं बोलत नाही. निदान दोन्ही डोळ्यांतून एकदम येत असेल तर नाही. दत्ताराम चिंदरकरच्या फक्त डाव्या डोळ्यातून पाणी यायचं, आणि तेही जेवताना. त्यामुळे त्याच्या बाबतीत खात्रीने काही सांगणं अवघड होतं.

दत्ताराम मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कंपनीत टाइमकीपर होता. टाइमकीपरचं निम्मं काम घड्याळाने होतं आणि निम्मं तोंडाने, म्हणजे न बोलता. उशिरा येणाऱ्या कामगाराकडे दत्ताराम नुसता बघायचा. भुवया खाली, ओठ मिटलेले, गालावर रेषाही हलायची नाही. दुसऱ्या दिवशी तो कामगार वेळेवर यायचा. या तोंडाचा दत्तारामला अभिमान होता. त्याच्यापाशी अभिमान बाळगण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतंही.

याच तोंडाने त्याने सख्खा भाऊ घालवला होता. थोरला गुणाजी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. गुणाजी वर्षभर घरात भिंतीकडे बघत बसला, तेव्हा दत्तारामने त्याला आपल्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून चिकटवला. एका सकाळी गुणाजी उशिरा आला. दत्तारामने त्याच्याकडे ते तोंड करून बघितलं आणि नियमाप्रमाणे हाफ डे लावला. नियम सगळ्यांना सारखा होता आणि बघायला सगळे होते. गुणाजीने डोक्यावरची टोपी काढली, टाइमकीपरच्या टेबलावर ठेवली आणि मरोळहून घाटकोपरपर्यंत चालत घरी गेला.

आम्हा कोकणी माणसांत बोलणं बंद झालं की त्याला भांडण म्हणत नाहीत. जेवण बंद झालं की म्हणतात. दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. आई गुणाजीकडे, घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहायची. दत्ताराम महिन्याकाठी मुलुंडहून तिला बघायला जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून "बरी आहेस ना" विचारायचा आणि रुक्मिणीवहिनीने पुढे केलेला तांब्या न घेता डोंगर उतरायचा. अशी चार वर्षं गेली. दोघांची अट एकच होती: चुकलो असं समोरच्याने म्हणायचं.

आणि मग एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपलं आपणच बाहेर आलं. दत्तारामला वाटलं, चूळ नीट भरली गेली नाही. दुसरी भरली. तीही तशीच गेली. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलं गेलेलं, डावा गाल वाळत घातलेल्या फडक्यासारखा, आणि डावा डोळा मिटायचं नाव घेईना. वनमालाने आधी नवऱ्याचे हातपाय हलवून बघितले. ते हलले, तेव्हा रडली.

"वारं गेलंय," शेजारी म्हणाले. "नस सुजली आहे, अर्धांग नव्हे," डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या दिल्या. शेजाऱ्यांनी गालाला पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, आणि नुसतं सांगून न थांबता पारवाही आणून दिला. तो गॅलरीत टोपलीखाली दोन दिवस घुमत होता. वनमालाने शेवटी तो सोडून दिला आणि चोळलं म्हणून सांगितलं.

कंपनीत वाट लागली. अर्धं तोंड मेलेलं आणि अर्धं ओढलेलं, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला वाटायचं, साहेब हसतायत. कामगार उलट हसायचे आणि आणखी उशिरा यायचे. चहा पिताना हनुवटीखाली हात धरायला लागायचा. प आणि ब ओठांतून निसटून जायचे. झोपताना डोळ्यावर चिकटपट्टी लावायची आणि मनात म्हणायचं, उद्या उजवीकडचंही गेलेलं असेल. हे तो वनमालाला सांगत नसे. तिला माहीत होतं.

आईकडे जाणंही त्याने बंद केलं. या तोंडाने गेलो तर गुणाजी म्हणेल, हसतोय बघ माझ्याकडे बघून. किंवा म्हणेल, देवाने बरोबर जागेवर मारलं. पहिल्यावरून मारामारी झाली असती. दुसऱ्याला उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे खांदे आखडलेली माणसं भिंतीवरचं लाकडी चाक फिरवत असायची, आणि एका कोपऱ्यात आरशासमोर स्टुलावर दत्ताराम. उत्तराबाई नावाची मुलगी, बाई म्हणायचं ते फक्त कोटामुळे, त्याच्या गालावर पेनासारखी कांडी टेकवून करंट द्यायची. गाल टुणकन उडायचा. मग व्यायाम.

"शिट्टी वाजवा."

"येत नाही."

"आधी यायची?"

"नाही."

"मग आता शिका. गाल फुगवा. दात दाखवा. सगळे. आता राग आणा."

"कुणाचा?"

"कुणाचाही. भुवया खाली यायला पाहिजेत. घरात कुणी नाही का?"

दत्तारामने टेबलावर ठेवलेली ती टोपी डोळ्यांसमोर आणली. डावी भुवई हलली. जेमतेम, पण हलली.

"कोण होतं?" उत्तराबाईने विचारलं.

"भाऊ."

"चांगला आहे. रोज आणत जा."

पुढचे कित्येक महिने दत्ताराम सकाळ-संध्याकाळ आरशासमोर बसून गुणाजीशी भांडला. तू उशिरा का आलास, यावर भुवया. सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस, यावर ओठ. तुला मी चिकटवला होता रे, यावर नाक. इतकी वर्षं काही उपयोगी न पडलेला भाऊ आता दिवसातून दोनदा उपयोगी पडत होता. वनमाला स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भाजी ढवळायची. दिवाळीपर्यंत तोंड जागेवर आलं. कामगार वेळेवर यायला लागले.

मग कँटीनमध्ये चवळीच्या उसळीचा पहिला घास घेतला आणि डाव्या डोळ्यातून घळघळ पाणी आलं. दत्तारामला वाटलं, तिखट आहे. दुसऱ्या दिवशी दहीभाताला आलं. तिसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला.

"नस परत वाढते ना, तेव्हा एखादा धागा भलतीकडे जातो," उत्तराबाई म्हणाली. "लाळ सोड म्हणून सांगितलेलं तुमच्या डोळ्याला ऐकू जातंय."

"मग व्यायाम कुठला करायचा?"

"याला व्यायाम नाही."

"मग?"

"जेवताना रुमाल ठेवा."

हे पचवतोय तोवर गाववाला काशीराम आईचा निरोप घेऊन आला. तिला मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनला ती तयार नव्हती. निरोप तिच्याच शब्दांत होता: "दोघांनी माझ्यासमोर एका पंगतीक बसान जेवलेला माका बघूचा आसा. दिसता हा तोवर."

दत्तारामने ठरवलं, जायचं, जेवायचं, आणि चुकलो म्हणायचं नाही. सरळ तोंडाने बसायचं. आता तोंड होतं.

"आधी त्यांना डोळ्याचं सांगून टाका," वनमाला म्हणाली.

"सांगतो."

पण सांगण्यासाठी बोलावं लागतं. तो पोचला तेव्हा गुणाजी पाटावर बसलेला होता, भिंतीकडे तोंड करून. दत्ताराम शेजारच्या पाटावर बसला. जो आधी बोलेल तो हरला, हे दोघांनाही माहीत होतं, आणि आजाराने सुरुवात करणं म्हणजे तर हात जोडणंच. रुक्मिणीवहिनीने बांगड्याचं तिखलं वाढलं. आई दोघांच्या समोर येऊन बसली. दत्तारामने घास उचलला. चार वर्षांनी त्या घरातला पहिला घास, आणि रुक्मिणीवहिनीच्या हाताला चव होती. तोंडाला सुटायचं ते सगळं डोळ्याला सुटलं.

रुमाल पँटच्या खिशात होता. मांडी घातल्यावर तिथवर हात जाईना.

"तोंड वाकडा झालला मां रे तुझा?" आई म्हणाली. "काशीरामान सांगल्यान." तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने हात पुढे केला आणि चाचपत त्याच्या गालावर ठेवला. हात तिथेच राहिला. मग ती मान वळवून घराला म्हणाली, "रडता हा तो."

रुक्मिणीवहिनीने पदर डोळ्यांना लावला. गुणाजीचा हात ताटातच थांबला. पहिल्यांदाच त्याने वळून भावाकडे बघितलं. डाव्या बाजूलाच बसला होता तो, त्यामुळे त्याला दिसायचं ते सगळं दिसलं.

"त्या दिवशी उशीर माकाच झाललो," गुणाजी म्हणाला.

हे वाक्य ऐकण्यासाठी दत्ताराम चार वर्षं उपाशी परत गेला होता. आरशासमोर तो हेच वाक्य गुणाजीच्या तोंडी घालायचा. आता ते खरंच आलं होतं, आणि ते भलत्याच गोष्टीच्या बदल्यात आलं होतं.

"दादा, हे नसेचं आहे," तो म्हणाला. "जेवताना असं—"

"गपचूप जेव," गुणाजी म्हणाला.

दत्ताराम जेवला. वाक्य ऐकून बरं वाटलं होतं, बरं वाटल्यामुळे भूक लागली होती, आणि भूक लागल्यामुळे पाणी वाढत होतं. आई त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली. निघताना तिने सांगितलं, आता ऑपरेशनला चलते.

त्यानंतरचे दिवस दत्तारामला बरे गेले नाहीत. गैरहजर माणसाची हजेरी लावल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि हजेरीच्या कामात त्याने आयुष्यात कधी हयगय केली नव्हती. काशीरामने तोवर सगळ्या गाववाल्यांत सांगितलं, दत्ता आईच्या मांडीवर पडून ढसाढसा रडला. दत्ताराम त्याला म्हणाला, तो आजार आहे. काशीराम म्हणाला, लाजतोस काय, आई आहे ती. उत्तराबाईकडे व्यायाम संपले होते, तरी सवयीने तो आरशासमोर बसायचा. राग आणायला जायचा तर समोर आईचा हात यायचा. भुवई जागची हलायची नाही. त्याला धास्ती वाटली, तोंड परत गेलं की काय.

"तोंडाला काही झालं नाही," वनमाला म्हणाली. "त्यांना सांगून टाका."

"सांगितलं तर परत अन्नपाणी बंद होईल."

"मग सांगू नका."

"असं कसं?"

"मग सांगा," म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

एका रविवारी दुपारी गुणाजी मुलुंडला जेवायला आला. न बोलावता आला, म्हणजे सगळं मिटलं असं समजायचं. येताना केळीच्या पानात बांधलेली ओली करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, आणली होती. वनमालाने ती रांधली. दोघे भाऊ ताटावर बसले. गुणाजी हसून बोलत होता, आईच्या डोळ्याची तारीख ठरल्याचं सांगत होता. मग त्याचं लक्ष दत्तारामच्या ताटाशेजारी गेलं.

"हो रुमाल कसलो?"

दत्तारामचं तोंड घासाने भरलेलं होतं.

"त्यांचा," वनमाला म्हणाली. "जेवायला लागतो."

"रोज?"

"रोज. काल उपम्याला लागला."

गुणाजीने भावाकडे बघितलं. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, करंदीला येतं तेवढं.

"मगे त्या दिवशी?"

त्या दिवशीचं खरं होतं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. साक्षीला आई होती, वहिनी होती, काशीराम तर होताच. दत्तारामने घास गिळला.

"त्या दिवशीपण हेच," तो म्हणाला.

गुणाजीने ताटातला हात उचलून मांडीवर ठेवला. भरल्या ताटावरून तो उठला असता तर हे भांडण आता चार वर्षांचं राहिलं नसतं, जन्माचं झालं असतं. वनमाला डाव हातात धरून उभी राहिली. दत्तारामला भुवया खाली आणता येत होत्या, गाल फुगवता येत होते, दात दाखवता येत होते, शिट्टीसुद्धा थोडी थोडी यायला लागली होती. आत्ता काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"तू बोललास ते परत घ्यायचं तर घे," तो म्हणाला. "पण जेवून घे."

इथे खरं तर त्याच्या उजव्या डोळ्यालाही पाणी यायला हवं होतं. आलं नाही.

गुणाजी विचार करत बसला. गिरणी बंद झाल्यावर भिंतीकडे बघत बसायचा तसा. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"आयेक सांगा नको," शेवटी तो म्हणाला. "आणि माझो उशीर झाललो तो झाललोच. तो काय तुझ्या रडण्यान झालो नाय."

"हाफ डे मी लावला नसता तरी कंपनी बुडाली नसती," दत्ताराम ताटाकडे बघत म्हणाला.

"नसती," गुणाजी म्हणाला. त्याने हात परत ताटात घातला, उरलेली करंदी भाताला लावून संपवली आणि ताट वनमालाकडे सरकवलं.

"भात घाल गो."

भात संपला होता. पाव होते.