मेणाच्या कापडाची चाचणी

टेबलावर पाच कड्या होत्या. प्रत्येकीत हिरव्या कापडाचा एक तुकडा ताणून बसवलेला. वर नरसाळे, शेजारी अडीचशे मिलिलिटर पाणी. भिंतीवर सहा चित्रांचा तक्ता : शून्य म्हणजे चिंब, शंभर म्हणजे थेंबही न टिकलेला. मधे पन्नास, सत्तर, ऐंशी आणि नव्वद.

पावसाळी जॅकेटांच्या त्या कारखान्यात चाचण्या करणाऱ्या बाईला सगळे 'थेंबताई' म्हणून चिडवत. तिने सरावासाठी पहिल्या तुकड्यावर पाणी ओतले. थेंब पाऱ्यासारखे घरंगळले. शंभर.

तिने तुकडा नाकाशी नेला आणि मालकांच्या मेहुण्याकडे वळून पाहिले. हा विक्रीप्रमुख. पायात गिर्यारोहणाचे बूट. दुसऱ्या मजल्यावर मात्र लिफ्टनेच यायचा.

"फवारा मारलात?"

"अहो ताई, जरासा हात फिरवला. तुमच्याच मेणाला मदत!"

"बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधतात, तशी?"

तीन वर्षे तिने याच फवाऱ्याविरुद्ध डोकेफोड केली होती. त्यातले रसायन ना कुजते, ना विरते. कारखान्याच्या गटारातून ते ओढ्यात जायचे, ओढ्यातून खालच्या वस्तीच्या विहिरींत. बैठकीत मालक गंभीरपणे मान डोलवायचे आणि चहा मागवायचे. शेवटी तिने मेणाचा लेप तयार करून दाखवला. आज मोठा खरेदीदार येणार होता. ऐंशी मिळाले तर सगळा माल मेणाचा, आणि रसायनाची पिंपे कायमची बाहेर. नाही मिळाले, तर पिंपेच.

"मेणाला किती पडतात?" मेहुण्याने विचारले.

"कधी ऐंशी, कधी सत्तर."

"मग नशिबावर कशाला सोडायचं? ऑर्डर हातात पडली की पिंपं बाहेर. आईशप्पथ!"

"मागच्या वेळीही आईचीच घेतली होतीत. बऱ्या आहेत ना त्या?"

तो खो खो हसला. लागण्यासारखे त्याच्यात काही उरलेच नव्हते.

"आणि गिऱ्हाईक भिजलं तर?"

"ते कुठे डोंगरावर चढतंय! गाडीतून उतरतं नि कॉफी प्यायला जातं. थेंब घरंगळला की खूश."

हे खरे होते, याचीच तिला किळस आली. कॉफीपर्यंत कोरडे पोचण्यासाठी लोक विहिरी नासवत होते. आता एक खोटे बोलले की त्या सुटणार होत्या. फवारा मारलेल्या उरलेल्या चार कड्या तिने तशाच राहू दिल्या.

मालक खरेदीदाराला घेऊन आत आले. पाहुण्याच्या नव्या कोऱ्या जॅकेटला किमतीच्या चिठ्ठीचा दोरा अजून लोंबत होता.

"हं, दाखवा तुमची जादू," तो म्हणाला. "एकदा जे दिसेल, तेच मालाच्या प्रत्येक खेपेला हवं हं!"

तिने दुसऱ्या कडीकडे नेलेला हात थांबला. प्रत्येक खेपेला. म्हणजे प्रत्येक खेपेला मेहुण्याचा हात फिरणार. जॅकेटावर नाव मेणाचे, विहिरीत फवारा.

तिने कात्री उचलली आणि मेणाच्या कापडाच्या ताग्यातून नवा तुकडा कापला.

"ताई, तयार आहेत की इथे!" मेहुणा पुढे सरसावला.

"त्यांची आंघोळ झालीय."

तिने तुकडा कडीत ताणला आणि नरसाळ्यात पाणी ओतले. पाणी संपल्यावर कडी दोनदा टेबलाच्या कडेवर आपटली आणि तक्त्याशेजारी धरली. खिडकीकडे वळवून पुन्हा एकदा पाहिले.

"किती?" मालकांनी विचारले.

"सत्तर."