बिनपंख्याची मोटर

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. वयाने म्हणाल तर दोन-सव्वादोन वर्षांची, पण जळालेल्या मोटरीला तरुण कोण म्हणणार? भंगाराच्या आवारात, फुटक्या पाण्याच्या टाकीला टेकून मी पडले आहे. उद्या माझे तांबे ओढून काढतील. तोवर घटकाभर बसा. देवाने ऐकणारे कान दिले आहेत, तर सांगून टाकते.

मला एका बाईंनी आखले. कारखान्यात सगळे त्यांना नुसते 'बाई'च म्हणत. शीतगृहात एक कॉम्प्रेसर असतो. तो थंडावा देणारा वायू दाबून नळ्यांतून फिरवतो, आणि त्या कॉम्प्रेसरला फिरवायला लागते माझ्यासारखी मोटर. आमच्या जातीतल्या बहुतेकींना वारा घालायला पाठीमागे पंखा असतो. बाईंनी मला तो दिलाच नाही. शीतगृहातून परतणारा गार वायू आधी माझ्या तारांमधून न्यायचा आणि मग कॉम्प्रेसरमध्ये सोडायचा, असा त्यांचा बेत होता.

"पंख्याशिवाय मोटर?" मोठे साहेब म्हणाले. "बाई, बिननाकाचं माणूस काढलंत की तुम्ही!"

"नाक आहे साहेब, आतल्या बाजूला आहे. परत येणारा गार वायू हाच हिचा श्वास. वीज कमी खाईल, जागाही कमी अडवेल."

साहेब हसले, पण त्यांनी अट घातली. अशी एकच मोटर बनवायची, एका शीतगृहात बसवायची. दोन वर्षे धड चालली तर पुढे शेकडो बनवू. मध्येच जळाली तर आराखडा कपाटात जाईल, आणि बाई पुन्हा पंखेवाल्या मोटरी काढत बसतील. बाईंनी या आराखड्यावर अकरा वर्षे घासली होती. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

मग माझा जन्म झाला. पातळ पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून गाभा झाला. त्याच्या खाचांत कागद घालून वाइंडिंगवाल्या मामांनी तांब्याची तार बसवली. बाई शेजारी उभ्या राहून वेढा न् वेढा पाहत होत्या.

"बाई, लोक सूनसुद्धा इतकी पारखून आणत नाहीत हो!" मामा वैतागले.

"सून यायला आधी मुलगा लागतो, मामा. माझं जे काय आहे ते हेच."

मामांनी तो वेढा उसवून पुन्हा घातला. शेवटी बाईंनी माझ्या तारांत एक छोटा मणी बसवला. मी फार तापले की तो मला बंद पाडणार होता.

बंदराजवळच्या मासळीच्या शीतगृहात मला बसवले. तिथली यंत्रे सांभाळायला नाना होते. गुडघेदुखीने वाकलेले, स्वेटरच्या बाह्या कोपरांवर विरलेल्या, आणि तोंडात सदा देवाचे नाव. सकाळी येताच माझ्या अंगावर हात ठेवून विचारायचे, "काय पोरी, झोप लागली का?" मी घुमत राहायची. माझ्या आवाजावर ते ताल धरत. मित्रांनो, तसे सुख फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते.

गार वायू माझ्या पोटातून जाई, म्हणून माझ्या अंगावर पांढराशुभ्र बर्फ धरे. तो माझ्या तब्येतीची खूण होता. नानांना मात्र तो पाहवत नसे. फडक्याने पुसत, की तासाभरात पुन्हा हजर.

"माझे गुडघे या गारठ्याने धरतात," एकदा ते म्हणाले, "आणि तू तर चोवीस तास बर्फात. माणसाला काही दया आहे की नाही?"

वायू जिथून माझ्यात शिरे, तिथे एक व्हॉल्व्ह होता. नानांनी तो थोडा आवळला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. आठवड्याभरात बर्फ गेला आणि माझे अंग कोरडे, लख्ख दिसू लागले. पाहायला येणारे म्हणत, "नाना, मोटर कशी नवरीसारखी ठेवलीय!" नाना लाजत. आणि आत माझा जीव घुसमटत होता. खोली गार व्हायला वेळ लागे, म्हणून मला विसावाही नव्हता. मण्याने मला दोनदा बंद पाडले, पाचदा पाडले. दर वेळी नाना म्हणत, "दमली पोर," आणि थोडे थांबून पुन्हा चालू करत. वर कळवले तर मला काढून नेतील, या भीतीने त्यांनी कुणाला सांगितले नाही.

बाविसाव्या महिन्यात माझ्या तारांवरचे रोगण जळाले. शीतगृहातली मासळी दोन दिवसांत नासली.

बाई आल्या. मला उघडले. सगळ्या तारा सारख्याच काळ्या, म्हणजे खोट एखाद्या वेढ्यात नव्हती. मग त्यांची नजर व्हॉल्व्हवर गेली.

"हा कुणी आवळला?"

"मीच की. बर्फ साचायचा ना हिच्या अंगावर," नाना म्हणाले. "का हो? काही चुकलं का माझं?"

बाईंनी खिळ्याला टांगलेली माहितीपुस्तिका काढली. बेचाळीस पाने, सगळी त्यांनीच लिहिलेली. एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेल्या.

"बर्फ यायलाच हवा होता, नाना. बर्फ आला म्हणजे हिचा श्वास नीट चाललाय. पण मी हे कुठे लिहिलंच नाही. मला वाटलं, एवढं काय सांगायचं!"

नानांनी व्हॉल्व्हला बोट लावले. "म्हणजे मी हिचा गळाच आवळत होतो."

बाईंचे हात काजळीने माखले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

साहेबांना त्यांनी सगळे खरे सांगितले. साहेब म्हणाले, "मोटर चांगली असेलही. पण जळाली ना?" आराखडा कपाटात गेला. बाई आता पंखे काढतात.

माझ्या जागी पंखेवाली मोटर आली. मला तीन महिने तिथेच कोपऱ्यात ठेवले होते, म्हणून मी हे पाहिले. नाना रोज येत, लांब स्टुलावर बसत. नव्या मोटरीवर बोटभर धूळ साचली होती. तिला ते हात लावत नसत.

मित्रांनो, जीव लावा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? नानांनी लावलाच होता. शिका म्हणावे, तर बाईंइतके कोण शिकले होते? तुम्हाला जे पक्के ठाऊक आहे ते मोठ्याने सांगा, आणि जे ठाऊक नाही ते विचारा, एवढेच मागते. तुम्ही ऐकाल, मान डोलवाल, आणि घरी जाऊन कुणासाठी तरी प्रेमाने एखादा व्हॉल्व्ह आवळाल. मला माहीत आहे. तरी सांगितले.