चौथी बाजू

गेरूवर ओढलेली तांदळाच्या पिठाची रेघ ओली असताना जवळजवळ दिसत नाही. मी घड्याळ लावून पाहिलं. पहिलं मिनिट ती राखाडी असते, तिसऱ्या मिनिटाला कडा पांढऱ्या होतात, पाचव्याला सगळी रेघ. म्हणजे आपण काय काढलं ते पाच मिनिटं उशिरा कळतं. हे मी चित्रकलेच्या वर्गाच्या वहीत लिहिलं, तेव्हा धनेश सरांनी खाली पेन्सिलने विचारलं, ‘आणि तुला काय वाटलं?’ ते टिपायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शहापूरच्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. झाले, तिथेच प्रयोगशाळेत वर्षभर मदतनीस आहे. यंदा दर शनिवारी दुपारी तिथे धनेश सरांचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला, अगदी नवख्यांसाठी, तीन महिन्यांचा. परीक्षानळ्या धुऊन झाल्या की घरी जायची शेणव्याकडची गाडी येईपर्यंत दोन तास रिकामे असायचे, म्हणून मी नाव दिलं.

पहिलं काम वस्तुचित्राचं होतं. एक तांब्या, दोन कांदे, मागे पडदा. वनस्पतिशास्त्राच्या जर्नलात छटा दिली की आमचे गुण कापायचे. तिथे एकच स्वच्छ रेघ लागते, आणि भागांची नावं उजवीकडे, पट्टीने. मी तेच केलं. शेजारची मिताली वाकून म्हणाली, “कांदा उभा कापायचा राहिला गो, आतलं कसं दाखवणार?” सगळे हसले, मीही हसले. सरांनी विचारलं, उजेड कुठून येतोय. मी म्हटलं, खिडकीतून, साधारण पंचेचाळीस अंशांत. ते म्हणाले, खोलीत बरोबर आहे, पण चित्रात कुठून येतोय? दहापैकी पाच मिळाले. उरलेले पाच कुठे गेले ते कळलं नाही, आणि मिळाले ते कशाचे, हेही नाही.

दुसरं स्मरणचित्र, आठवडी बाजाराचं. माणसं किती होती ते नक्की आठवेना, म्हणून मी फक्त दुकानं काढली. सर पाहून म्हणाले, भीती वाटते या बाजाराची. हे चांगलं की वाईट, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. प्रयोगशाळेत उत्तर चुकलं तर निदान किती चुकलं ते सांगता येतं.

त्याच दिवसांत घरी दुसरा एक प्रश्न अडकून पडला होता. मुरबाडकडच्या हरेशचं स्थळ आलं होतं. तो वीज मंडळात आहे. घरी आला तेव्हा त्याने मला लिटमस कागदाबद्दल विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. दुसरीकडे, वर्ग संपत आला तेव्हा, पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं, आणि शेवटच्या शनिवारनंतरच्या सोमवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा होता. दोन्ही एकदम होणार नव्हतं. घरच्यांना लग्न हवं होतं, ते मला ठाऊक होतं. स्थळाला दोन महिने मी ‘बघू’ म्हणत होते. आई एकदा म्हणाली, “बघू बघू करीत भात करपतो गो. माणसं पण करपतात.”

शेवटचं काम होतं आपल्या घरातली एखादी आकृती, गेरू दिलेल्या फळीवर. मी लग्नाचा चौक निवडला, लग्नघराच्या भिंतीवर पिठाने काढतात तो नक्षीचा चौकोन. आमच्या पाड्यावर तो चौक रखमीआतेच लिहिते, म्हणजे काढते. ती बाबांची मोठी बहीण. तिला विचारायला हवं होतं. पण ती शेतावर भातलावणीत होती, आणि माझ्या मोबाइलमध्ये चुलत बहिणीच्या लग्नातल्या चौकाचे फोटो होते. त्यावरून मी मापं घेतली. चारही बाजूंच्या नक्षीपट्ट्या सारख्या, कोपरे काटकोनात. तीन बाजू झाल्यावर सर म्हणाले, असंच ठेवलंस तरी छान आहे. मला ते अर्धवट वाटलं. मी चौथी बाजू काढून चौक बंद केला. पहिल्यांदा दहापैकी नऊ मिळाले.

त्या शेवटच्या शनिवारी जीपमध्ये फळी मांडीवर धरून घरी आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आईने पाहिली. आत जाऊन बाबांशी हळू बोलली. मला वाटलं, चित्र आवडलं असेल.

रविवारी सकाळी रखमीआते आली ती नारळ घेऊनच. फळीपुढे बसून तिने कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, आते, ते कॉलेजचं काम आहे. ती हसली आणि तेव्हा तिने सांगितलं, की आमच्याकडे पोरी शिकतात त्या तीनच बाजू. चौथी लग्नाच्या दिवशी काढून चौक बंद करतात. तो बंद झाला की घर बांधलं गेलं, आणि पोरीने आपणहून बंद केला तर तो तिचा लग्नाला होकार.

“तुज्या तोंडाला जमना ते हातानं सांगितलंस,” ती म्हणाली. “लाजायचं काय त्यात?”

मी मोबाइलमधले फोटो दाखवले. ते लग्नाच्या दिवशीचेच होते, म्हणून चारही बाजू भरलेल्या. मी चुकीच्या दिवसाचा नमुना घेतला होता, इतकंच. आते म्हणाली, फोटो राहू दे, रेघ तुझ्याच हातची ना? सरांनी थांब म्हटलं होतं आणि मी थांबले नव्हते, हे खरं होतं. आतून कुठेतरी मला हरेश हवा होता का? मी प्रामाणिकपणे शोधलं. त्याची आठवण आली तर बरं वाटत होतं. पण बरं मला कांद्याच्या चित्रानंतरही वाटलं होतं. कशाला पुरावा म्हणायचं, तेच कळेना.

एवढ्यात बाबा मोबाइल घेऊन ओटीवर आले. हरेशच्या घरी आनंदाची बातमी कळवायची होती. नंबर लावता लावता ते सहज म्हणाले, पुण्याला पण कळवून टाकू, जागा दुसऱ्या कोणाला तरी होईल.

मी एकदम उठले. नारळ आला, हळदकुंकू लागलं, तोवर मी बसूनच होते.

पलीकडे रिंग वाजत होती. मी हात पुढे केला. बाबांना वाटलं, मला स्वतः सांगायचंय, आणि त्यांनी हसून मोबाइल दिला. आई दारात येऊन उभी राहिली.

“हॅलो,” हरेश म्हणाला. “काका?”

“मी रविना.”

“बोल ना.”

कारणं मला तेव्हाही नीट मांडता आली नसती.

“हरेश, मी लग्न नाय करणार. उद्या पुण्याला जाते, प्रवेश घ्यायला.”