सांबार आणि चौथीचा निकाल

मी फळा बोलतोय. पिपरटोल्याच्या जनपद शाळेचा एकुलता एक फळा. चार वर्ग, एक खोली, एक गुरुजी आणि एक मी, एवढाच आमचा संसार. जगात ज्याचं तोंड काळं होतं तो गाव सोडून पळतो. माझं तोंड काळं झालं की मला तोरण बांधतात. तेव्हा माझ्याशी बोलताना जरा मान ठेवून बोला.

जन्मानं मी साग. लिलावात कुणी न घेतलेल्या दोन फळ्या गावच्या सुतारानं जोडल्या आणि मी झालो. दोन फळ्या म्हटल्यावर मधे सांधा आलाच. डोक्यापासून पायापर्यंत उभा सांधा. सुतार म्हणाला होता, "काही नाई होत, दिसणार नाई." सुतारांचं हे नेहमीचंच.

माणसांचं एक मला कळत नाही. लिहिताना खडू जपून धरतात, पुसताना मात्र हाती लागेल त्यानं पुसतात. बाही, टोपी, धोतराचा सोगा. चौथीतला डोमा तर सरळ थुंकी लावायचा. सगळ्या शाळेत एक रंभाच तेवढी ओल्या फडक्यानं, वरून खाली, हळूच पुसायची. म्हणून ती माझी लाडकी. हे सांगायला मी लाजत नाही.

रंभाही चौथीतच. तिचा बाप मुखरू तलावात आणि वैनगंगेत मासे धरतो. गावातली एकही पोरगी चौथीपर्यंत टिकली नव्हती, ही टिकली. पुढची शाळा आरमोरीला, आणि आरमोरीला तिची मावशी राहते. होळी झाल्यावर मुखरू शाळेच्या दारात आला आणि मनसाराम गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, पोरगी पास झाली तर आरमोरीले धाडतो. नापास झाली तर मंग मले गळ नका घालू. घरी जाळे विणायले हात कमी पडून राह्यले."

"पास होईल ते, मुखरूभाऊ."

"होईल तं होईल. मले काय समजते त्यातलं?"

झालं. त्या दिवसापासून मलाच धडकी भरली.

वर्ष संपत आलं की आमच्याकडं लगीनघाई असते. शाळा तपासणारे डिपोटी साहेब परीक्षा घ्यायला येतात ना. चौथीच्या पोरांनी खोली सारवली, तिसरीनं नकाशाच्या फाटक्या कडांना खळ लावली, दुसरीनं आंब्याची पानं आणली आणि पहिलीनं गोंधळ घातला. त्यात मोहाचे दिवस. निम्मी शाळा सकाळी मोहफुलं वेचायला जंगलात, आणि गुरुजी एकेका झाडाखालून पोरं वेचून आणतायत.

मला काळं करायचं काम डोमाकडं होतं. कोळसा कुटायचा, वालाच्या पाल्याच्या रसात कालवायचा, चिंधीनं अंगभर फासायचा आणि सांध्यात बोटानं दाबून भरायचा. डोमानं सगळं नीट केलं. सांध्याच्या मधोमध आला आणि बाहेर कुणीतरी सांगितलं की वाऱ्यानं कैऱ्या पडल्या. पोरगं पळालं ते पळालंच. चार बोटं जागा तशीच राहिली. तिथं वर्षभराची खडूची धूळ बसलेली, पांढरीफेक. मला समजत होतं, पण फळ्याचं ऐकतो कोण?

हे साल सत्तावन्न. गेल्या वर्षी राज्य बदललं, कागदावर मुंबईचं नाव आलं, आणि साहेबही लांबलांबचे येऊ लागले. आमच्या वाट्याला आले ते पुण्याकडचे. रेंगीत बसून, दोन बैलांची धूळ खात आले. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाचा पक्का. तोंडी परीक्षेच्या वेळी गुरुजींनी खोलीत थांबायचं नाही, हा पहिला नियम. गुरुजी ओसरीत गेले आणि खांब धरून उभे राहिले.

साहेब माझ्यावर एक शब्द लिहीत. मुलानं तो मनात वाचायचा आणि त्यावर पाच वाक्यं बोलायची. डोमाला 'बाजार' आला. तो बोलत बोलत जिलबीपाशी पोचला आणि तिथून पुढं हलेना. पण पास झाला. सगळ्यात शेवटी रंभा. साहेबांनी लिहिलं 'सांबर' आणि वळून वही उघडली.

ब आणि र यांच्या मधे माझा तो सांधा. उभा, पांढरा, नेमका काना वाटावा एवढा. शब्द झाला 'सांबार'.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगून ठेवतो. सांबर म्हणजे जंगलातलं शिंगांचं जनावर, हे सगळीकडं सारखंच. पण आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर.

रंभानं हाताची घडी घातली आणि घडाघडा सुरू झाली. "सांबार आमच्या वाडीत आहे. त्याचा रंग हिरवा असते. माय रोज सकाळी त्याले तोडते."

साहेबांची मान वर आली.

"बारीक कापून वरणात टाकते. गुरुजीच्या घरी पण मीच नेऊन देतो."

"रोज?"

"रोज, साहेब."

"आणि गुरुजी खातात?"

"आवडीनं खातात."

साहेबांनी एकदा खांबाजवळच्या गुरुजींकडं पाहिलं, एकदा रंभाकडं. हिरवं सांबर, तेही रोज, तेही वरणात. शिकारीचा गुन्हा लिहावा की पोरगी आपली टर उडवतेय म्हणावं, हे त्यांना ठरेना. शेवटी त्यांनी वहीत तिच्या नावापुढं भलंमोठं शून्य काढलं. वही माझ्या समोरच उघडी होती.

मला फार वाईट वाटलं. माझ्यावर आजवर हजार चुका लिहिल्या गेल्या आणि पुसल्या गेल्या, पण त्या दुसऱ्यांच्या होत्या. ही माझी होती, आणि मला ना हात ना तोंड. रंभाला तर काही पत्ताच नाही. ती जागेवर जाऊन खुशीत बसली.

दुपारी साहेबांचं जेवण शाळेतच होतं, कारण गावात दुसरी एवढी मोठी सारवलेली खोली नव्हती. माझ्यापुढंच पाट ठेवला, पळसाची पत्रावळ मांडली. गुरुजींच्या घरच्या इंदुताई वाढायला आल्या. साहेब आठ्या घालूनच जेवायला बसले. वरणभाताचा पहिला घास घेतला तेव्हा कुठं चेहरा जरा सैल झाला.

"बाई, एवढ्या उन्हाळ्यात इतकी ताजी कोथिंबीर मिळते तुमच्याकडे?"

"कोथिंबीर?" इंदुताई थबकल्या. "सांबार म्हणता का, साहेब? तो रंभाच्या वाडीतला. रोज आणून देते बिचारी."

साहेबांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडं बघू लागले, बघतच राहिले. मग तसेच उठले आणि डाव्या हाताच्या बोटानं सांध्यातली धूळ पुसली. सांबारचा सांबर झाला. साहेब पाटावर बसले आणि ठसका लागेपर्यंत हसले. इंदुताईंनी पाणी पुढं केलं. आपण काय बोललो ते त्यांना अजून कळलेलं नाही.

हात धुऊन साहेबांनी रंभाला बोलावलं. "चूक तुझी नाही, बाळ. आता शिंगांच्या सांबराचं सांग."

"त्याचं काय सांगू, साहेब? तो आमच्या धानात येते. बाबा डबा वाजवते, तो पळते. पण दूर नाई जात. बांधावर उभा राहून पाह्यते, हा माणूस आता झोपते का मंग झोपते."

पाचावर ती थांबलीच नाही. शिंगं कधी गळतात, पिल्लू कसं लपतं, सगळं सांगून अकराव्या वाक्याला दम घेतला. साहेबांनी वही उघडली आणि त्या शून्याच्या आधी एक लिहिला. दहापैकी दहा.

निकालाच्या दिवशी पोरांना गूळ-फुटाणे वाटले. गुरुजींनी पास झालेल्यांची नावं माझ्यावर लिहिली. सगळ्यात वर 'रंभा मुखरू'. मुखरू आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि पोरीला हळूच म्हणाला, "यात माहं नाव कोणतं?"

रंभानं बोट ठेवून दाखवलं.

"एवढंच? तीनच अक्षरं?"

"तीनच, बाबा."

"पुसू नको मंग," मुखरू म्हणाला. "अन् कपडे बांध. मावशीकडं जायचं आहे."

आता सुट्टी लागली आहे. रंभा आरमोरीला पोचली. गुरुजी त्यांच्या गावी, सिंदेवाहीला. खडू कपाटात आणि कपाटाला कुलूप. दुपारचा मुखरू तेवढा जाळं विणायला शाळेच्या सावलीत येतो. विणता विणता उठतो, आत येतो, कनवटीचा कोळसा काढतो आणि वरची तीन अक्षरं बघून बघून माझ्यावर खाली उतरवतो. काळ्यावर काळं. त्याचं त्यालाही दिसत नाही. मला कळतं. काल पहिल्यांदा 'ख' बरोबर आला, आणि त्याला सांगायला इथं कुणी नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी सिंदेवाहीकडं जाणार असेल तर मनसाराम गुरुजींना माझा एवढा निरोप द्या. घाईनं परत या म्हणत नाही. खडूची एक कांडी पाठवा. बोटाएवढी पुरे.